आत्याची पुडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग पाहुणे. नात म्हणाली, "आजी, तुझा ब्लॉग झोपलाय." म्हटलं, आजीच झोपली होती, ब्लॉगचं काय घेऊन बसलीस!

पण आज लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. आमचे बंधुराज सत्तरीला टेकलेत, गेली बारा वर्षं बीपीची गोळी घेतात. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "ताई, गोळी बंद केली. आता झाडपाल्याचं घेतोय. सर्पगंधा. चूर्ण मिळतं, रोज दोन वेळा. बीपी एकदम उतरलं बघ. शिवाय झोप छान लागते. झाडपाला तो, अपाय काही नाही."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बंधुराजांना वाटलं असेल, ताईला पटलं. पण मला रात्रभर झोप आली नाही. सर्पगंधा हा शब्द आमच्या घरातला आहे. भावाला तो आठवत नाही, कारण तेव्हा तो पाळण्यातही नव्हता. मला आठवतो. म्हणून आज हे लिहिते आहे. घरातल्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, आणि बंधुराजांना आज्ञा!

आधी झाडाची ओळख करून देते. मास्तरीणबाईंची सवय, त्याला इलाज नाही.

सर्पगंधा हे फार मोठं झाड नव्हे. गुडघ्याएवढं, फार तर कमरेला लागेल एवढं झुडूप. एकेका पेरावर तीन-तीन, चार-चार पानं गोल मांडल्यासारखी. फुलं पांढरी-गुलाबी, त्यांचे देठ लालभडक, आणि फळं पिकली की जांभळी-काळी. कण्हेर, सदाफुली, देवचाफा यांच्याच कुळातलं. दमट रानात, सावलीत वाढतं. हिमालयाच्या पायथ्यापासून बंगाल-आसामपर्यंत आणि इकडे आपल्या सह्याद्रीत मिळतं. औषधी भाग म्हणजे मूळ. झाड दोन-तीन वर्षांचं झालं की खणून काढतात, वाळवतात, कुटतात. चव कडूजहर. गंमत अशी की नावात 'गंधा' असूनही वाळल्या मुळाला म्हणण्यासारखा वासच नसतो.

हिंदीत याला 'छोटा चांद' म्हणतात. बिहारकडे आणखी एक नाव होतं, 'पागल की दवा'. या दोन शब्दांत पुढचा सगळा इतिहास आहे.

पण त्याआधी सापाकडे वळू. जुन्या संहितांत सर्पगंधा हे नाव विषावरच्या औषधांत येतं. खेडोपाडी साप-विंचू चावला की हे मूळ उगाळून लावत, पोटातही देत. ताप, हगवण, बाळंतपणात कळा येत नसतील तर, अशा कितीतरी गोष्टींवर त्याचा वापर होता. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी रानात जाऊन ही मुळी खाऊन येतं, ही गोष्ट तर आम्ही लहानपणी डोळे विस्फारून ऐकलेली.

ही गोष्ट चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज वैद्यानेही ऐकली होती, आणि तीही आमच्या शेजारच्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता त्याचं नाव. १५३४ साली गोव्यात आला, तिथेच राहिला. मुंबई बेटसुद्धा काही वर्षं त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याने इथल्या हकीम-वैद्यांकडून, व्यापाऱ्यांकडून औषधांची माहिती गोळा केली आणि १५६३ साली गोव्यातच एक पुस्तक छापलं, संवादरूपात. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात 'सापाचं लाकूड' म्हणून सिंहलद्वीपातल्या काही मुळ्यांचं वर्णन आहे आणि मुंगसाची गोष्टही आहे. त्यातली एक मुळी म्हणजे आपली सर्पगंधा असं बरेच अभ्यासक मानतात.

(अवांतर: ओर्ता मुळात ज्यू घराण्यातला, वरवर ख्रिस्ती झालेला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. वर्गात हे सांगताना मुलं एकदम गप्प होत.)

आता सापावर हे औषध चालतं का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आमच्या भागात फुरसं-नाग-घोणस सगळे आहेत. सर्पगंधेने विष उतरत नाही. मुंगूस वाचतं ते त्याच्या चपळाईमुळे आणि त्याच्या शरीराची घडणच नागाच्या विषाला सहजी दाद न देणारी असल्यामुळे. माणसाने मात्र दवाखाना गाठून प्रतिविष घ्यावं. मग इतकी शतकं लोकांनी हे मूळ का वापरलं? मला वाटतं, साप चावलेल्या माणसाला भीतीने जी तडफड होते ती या मुळीने कमी होत असावी. माणूस शांत झाला, म्हणजे विष उतरलं असं पाहणाऱ्याला वाटत असणार. हा माझा तर्क, पुरावा नाही. पण 'शांत झाला म्हणजे बरा झाला' हा समज लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शास्त्रीय नावाचीही कथा मजेची आहे. राऊवोल्फिया सर्पेंटिना. राऊवोल्फ हा जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा वैद्य. १५७३ ते १५७६ मधे तो औषधी वनस्पती शोधत पूर्वेकडे निघाला आणि बगदादपर्यंत पोचला. हिंदुस्थानात तो आलाच नाही. हे झुडूप त्याने जन्मात पाहिलं नाही. पुढे १७०३ साली प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच पाद्र्याने अमेरिकेकडच्या एका वनस्पतीला त्याचं नाव दिलं, आणि आपली सर्पगंधा त्याच गोतावळ्यातली निघाल्यामुळे तिलाही ते चिकटलं.

आता 'पागल की दवा'. बिहार-बंगालकडे वेडाचे झटके येणाऱ्या माणसाला ही मुळी देण्याची पद्धत होती. गरीब बायका रडणाऱ्या मुलांना झोपवण्यासाठीही देत, अशी नोंद आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे नवं हिंदी औषध उपयोगी आहे, असं त्यात मांडलं होतं. सेन हे आयुर्वेद आणि डॉक्टरी दोन्ही शिकलेले. वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोनदा दिलं की झोप येते, रक्तदाब उतरतो आणि रोग्याचा थयथयाट कमी होतो, असं त्यांनी लिहिलं.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिबिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी या मुळीतली द्रव्यं वेगळी काढत होते. एका द्रव्याला त्यांनी नाव दिलं अजमलिन, हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ. हेच ते अजमल खान, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. नाडी पाहणाऱ्या एका हकिमाचं नाव एका रासायनिक द्रव्याला मिळालं आणि हृदयाच्या ठोक्यांच्या एका तपासणीत ते द्रव्य आजही वापरतात.

मग येतात आपले मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी के.ई.एम. रुग्णालयातल्या पन्नास रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा अभ्यास केला आणि १९४९ साली तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधे छापून आणला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं. मीठ सोडा, विश्रांती घ्या, नाहीतर धोक्याची शस्त्रक्रिया. अशा वेळी मुंबईचा एक डॉक्टर सांगतो की आमच्या रानातली मुळी खाऊन रक्तदाब उतरतो, आणि आकडे मांडून सांगतो! तो लेख वाचून बोस्टनमधे विल्किन्स यांनी प्रयोग केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रिसर्पिन. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रोग्यांना दिलं. १९५६ साली वुडवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण.

मी इतिहास शिकवत असे, पण दरवर्षी विज्ञानदिनाला ही कथा सांगायचा मान माझा असे. छाती फुगवून सांगत असे. मुलांना आवडायची. आमच्या मातीतली मुळी जगाच्या बाजारात गेली, वगैरे वगैरे. तीस वर्षं सांगितली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण त्या तीस वर्षांत आत्याचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गाव आमचं सावंतवाडी तालुक्यातलं. आत्याचं सासर पलीकडच्या गावात, नवरा मुंबईला गिरणीत. १९५६ च्या पावसात तिचा तीन वर्षांचा मुलगा तापाने गेला. नवऱ्याला तार पोचून तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आत्याचं बिनसलं. रात्री उठून विहिरीपाशी जायची, मुलाच्या नावाने गायची, ओरडायची, अडवलं तर अंगावर यायची. सासरच्यांनी चार महिने पाहिलं आणि माहेरी आणून सोडलं.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची. मला आठवतं ते असं : पडवीतला खांब आणि खांबाला बांधलेली आत्या. दोर सुंभाचा होता. आजीने तिच्या मनगटांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, दोर काचू नये म्हणून. आजी तिला भरवायची आणि पदराने स्वतःचे डोळे पुसायची. यात कोणी दुष्ट नव्हतं, हे आधी सांगून ठेवते. विहीर उघडी होती आणि रात्रभर जागायला घरात माणसं नव्हती.

मग वैद्यबुवा आले. सज्जन माणूस. पैसे घेत नसत, तांदूळ-नारळ दिले तर घेत. आंबोलीच्या पायथ्याच्या रानातून मुळ्या स्वतः आणायचे. त्यांनी पुड्या दिल्या. छोटा चमचा अर्धा भरून, सकाळ-संध्याकाळ, खडीसाखर घातलेल्या दुधातून. आजीने मला नाव विचारून घ्यायला सांगितलं म्हणून मी विचारलं आणि पाटीवर लिहिलं : सर्पगंधा. जोडाक्षरं नीट लिहिली म्हणून वैद्यबुवांनी पाठ थोपटली होती.

दुधाचा पेला आत्याकडे न्यायचं काम माझं. माझ्या हातून ती मुकाट्याने घ्यायची.

आठ-दहा दिवस ती नुसती झोपली. पंधराव्या दिवशी दोर सोडला. त्या दिवशी आजीने देवापुढे साखर ठेवली. "औषद लागू पडला," ती येईल त्याला सांगायची, "शांत झाली गो बाय माझी." खरोखरच शांत झाली होती. एकटी न्हायली, जेवली, पडवीत बसली. त्या मुळीने माझ्या आत्याचा दोर सोडवला, हे मी कधीही नाकारणार नाही. जे १९५४ मधे न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात घडलं, तेच आमच्या पडवीत घडलं. दुसरा इलाज आमच्या पंचक्रोशीत कुठे होता?

अडचण त्यानंतर सुरू झाली. अडचण म्हणजे काय, तर पुडी थांबवायची कधी हे कोणी ठरवलंच नव्हतं.

महिने गेले, वर्षं गेली. आत्या पडवीत बसून असे. सांगितलं तर तांदूळ निवडी, सांगितलं तर उठे. उठताना आधी खांब धरी, जरा थांबे, मग पाऊल टाकी. नाक कायम चोंदलेलं, बाराही महिने, उन्हाळ्यातसुद्धा. बोलली तर नाकात बोले. हात किंचित कापत. रडत नसे, हसतही नसे. मुलाचं नाव तिने परत कधी घेतलं नाही. लोक म्हणत, दुःख विसरली. १९६३ साली वैद्यबुवा वारले. मग पुड्या बाजारातून येऊ लागल्या. रोज दोन वेळा दूध, खडीसाखर, पुडी. घरातल्या दिवाबत्तीसारखं ते चालू राहिलं.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

१९६५ चा पाऊस. मी पंधरा वर्षांची. ओढ्यावरचा साकव वाहून गेला आणि आमचा बाजाराशी संबंध तुटला. पुड्या संपल्या. महिना, सव्वा महिना झाला. सुरुवातीला काही दिसलं नाही. मग हळूहळू आत्याचं नाक मोकळं झालं. मला आठवतं, कारण तिचा आवाज मला ओळखू येईना! एका सकाळी मी उठले तर ती जात्यापाशी बसली होती. दळत होती आणि दळताना हलक्या आवाजात गुणगुणत होती. मला पाहून म्हणाली, "उठलंस काय गो?" इतकंच. नऊ वर्षांत तिने आपणहून मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

आजी मागच्या दाराने आली आणि तिथेच थबकली. तिच्या चेहऱ्यावरची भीती मला आजही दिसते. तिला आठवलं असणार विहिरीवरचं गाणं. आजार तसाच सुरू झाला होता ना! मला बाजूला घेऊन म्हणाली, "परत सुरू झाला बाय. काय्येक कर, पण पुडी घेवन ये." पाऊस जरा उघडला होता. वरच्या वाटेने, डोंगरातून मी सावंतवाडीला चालत गेले आणि पुड्या आणल्या. चांगल्या दोन महिन्यांच्या आणल्या, परत संपू नयेत म्हणून. संध्याकाळचा पेला मीच नेला.

जातं थांबलं. आत्या त्यानंतर सात वर्षं होती. १९७२ साली तापाचं निमित्त होऊन गेली.

२००० साली वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं तेव्हा मी शाळेतच होते. वर्तमानपत्रात स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्याविषयी लेख आला होता, त्यात रिसर्पिनचा उल्लेख दिसला. विज्ञानदिनासाठी नवा मसाला मिळाला म्हणून मी उत्साहाने वाचायला घेतला. १९५७ च्या सुमारास कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे हालेनात. डोळे अर्धवट मिटलेले, कान पडलेले, ठेवले तिथे बसून. मग त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. मेंदूतल्या पेशी ज्या द्रव्यांनी एकमेकींना निरोप देतात त्यांचा साठाच रिसर्पिन रिकामा करतं, हे त्यातून कळलं. कंपवाताच्या रोग्यांना आज जे औषध देतात त्याची वाट या प्रयोगातून निघाली.

मी तो लेख वाचला आणि मला पडवी दिसली.

मग मिळेल ते वाचत गेले. मुलाने नंतर इंटरनेट शिकवलं, तेव्हा आणखी वाचलं. रिसर्पिनचे परिणाम एका ओळीत मांडलेले असतात : रक्तदाब उतरणे, उठताना चक्कर, नाक चोंदणे, सुस्ती, हातपाय कापणे, उदासी. नाक चोंदणे! पंचेचाळीस वर्षं आम्ही सगळे समजत होतो की आत्याला सर्दीचा कोठा आहे.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर सुंठीची पूड तोलून पाहिली. छोटा चमचा अर्धा म्हणजे साधारण एक ग्रॅम. चांगल्या मुळीत रिसर्पिनच्या जातीची द्रव्यं सुमारे ०.१५ टक्के धरतात. म्हणजे ग्रॅमला दीड मिलिग्रॅम, दिवसाला तीन. रक्तदाबासाठी पुढे डॉक्टर रिसर्पिनची गोळी देत ती दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅमची. चूर्णातलं सगळं अंगी लागत नाही हे धरलं तरी फरक केवढा! वेडाच्या रोग्याला पहिल्या महिन्यात इतकं देणं त्या काळी चुकीचं म्हणता येणार नाही, सेन-बोस तर याहून जास्त देत होते. पण पंधरा-सोळा वर्षं?

आता इतिहासाच्या शिक्षिकेने स्वतःलाच विचारायचा प्रश्न. हे सिद्ध होतं का? १९५० च्या दशकात रिसर्पिनमुळे माणसं खिन्न होतात असं बऱ्याच डॉक्टरांनी लिहिलं आणि पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच होतं. अलीकडे काही अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासून दाखवलं आहे की हा संबंध समजला गेला तितका पक्का नाही. तेव्हा आत्याचं गप्प होणं पुडीमुळे की पोर गेल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाक, चक्कर, कंप यांच्याबद्दल मला शंका नाही. मनाबद्दल आहे. एक सव्वा महिना आणि जात्यावरची एक सकाळ, एवढाच माझा पुरावा. परीक्षेत असं उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी निम्मे गुण दिले असते.

पण पुडी थांबली आणि माणूस बोललं, हे मी पाहिलं आहे. आणि ते पाहून मी पुडी आणायला गेले, हेही खरं आहे. आजीला दोष देत नाही. वैद्यबुवांनाही नाही. मला पंधराव्या वर्षी काय कळत होतं, असं लोक म्हणतील. मीही स्वतःला तेच सांगते. कधी पटतं, कधी पटत नाही.

असो.

डॉ. वकिलांची थोरवी मला आज जास्त कळते. मुळीचा उपयोग तर आपल्या लोकांना आधीच ठाऊक होता. वकिलांनी केलं ते हे की पन्नास माणसं घेतली, त्यांचा रक्तदाब मोजला, औषध दिलं, परत मोजला आणि काय त्रास झाला तेही लिहून ठेवलं. आमच्या पडवीत मुळी होती, माया होती, मोजणारं कोणी नव्हतं. 'शांत झाली' यापुढे कोणी विचारलं नाही. पुढे जगभरच्या डॉक्टरांनी मोजत-मोजतच या औषधाचे गुण-दोष ओळखले, मात्रा कमी केली, आणि जास्त सोयीची औषधं आल्यावर ते मागे ठेवलं.

मुळीचंही फार भलं झालं नाही. मूळच हवं म्हणजे झाड उपटायलाच हवं. पन्नासच्या दशकात परदेशातून मागणी आली आणि रानंच्या रानं खणली गेली. शेवटी १९९० साली दुर्मिळ वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सर्पगंधेचा समावेश झाला. रानातली मुळी दुर्मिळ झाल्यामुळे बाजारात तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाच्या मुळ्या मिसळतात. त्या दिसायला सारख्या, गुण मात्र तेच असतील असं नाही. चूर्ण झाल्यावर तर ओळखणार कोण?

तेव्हा बंधुराज, आता तुमच्याकडे वळते.

आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या घरात ज्येष्ठमध, वेखंड, शतावरी आजही आहे. पण 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे वाक्य परत माझ्यासमोर बोलू नका. ज्याने बीपी उतरतं ते औषध आहे, आणि जे औषध आहे त्याला मात्रा आहे. तुमच्या डब्यातल्या एका चमच्यात किती काय आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही, दुकानदारालाही नाही. मनाने गोळी बंद करणं ही एक चूक, मनाने चूर्ण सुरू करणं ही दुसरी, आणि आता हे वाचून घाबरून मनानेच पुन्हा काही उलटसुलट करणं ही तिसरी होईल. डबा पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे जा. लपवू नका, डबा टेबलावर ठेवा. तुमचा वैद्य असेल तर त्यालाही विचारा : किती दिवस घ्यायचं, आणि थांबवायचं कधी?

काल संध्याकाळी मी परत फोन केला होता. हे सगळं फोनवर सांगायला जमलं नाही. फक्त विचारलं, "काय रे, सर्दी झालीये का तुला? नाकात बोलतोयस."

म्हणाला, "हो गं, आठ दिवस झाले. जातच नाहीये."

सोमवारची वेळ घेतली आहे. मी पहाटेच्या गाडीने जाते आहे, सोबत म्हणून. डबा पिशवीत घालायचं काम माझं.